दर्शन बस, गाईडचा माईक आणि आपली इंद्रायणी

परदेशात जाऊन आलेला आपला माणूस घरी आल्यावर साधारण तीन गोष्टी सांगतो. रस्ते आरशासारखे होते, हॉर्न ऐकूच आला नाही आणि कुठे कागदाचा कपटा दिसला नाही. आमच्या चऱ्होलीतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मे महिनाभर हेच चालू असतं. दुबई, सिंगापूर, थायलंड, जमलं तर युरोप. फोटो पडतात, खाली कुणीतरी 'आपल्याकडे हे कधी होणार?' असं लिहितं, दहा जण हात जोडल्याचं चित्र टाकतात आणि विषय संपतो.

मला चौथ्या गोष्टीबद्दल बोलायचंय, जी कुणी सांगत नाही. त्या परदेशातल्या दर्शन बसमध्ये पुढच्या सीटवर हातात माईक घेऊन एक माणूस बसलेला असतो. गाईड. त्याच्याकडे आपलं लक्ष जात नाही, कारण आपण खिडकीतून बाहेर बघत असतो. पण आपण जे बघतो त्याला अर्थ येतो तो त्याच्या बोलण्यामुळे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. इंद्रायणीकाठची एक दिवसाची दर्शन बस दर रविवारी सुटली पाहिजे. तिच्यावर परीक्षा देऊन परवाना मिळवलेला आपल्याच गावातला गाईड पाहिजे. आणि त्या बसने देवळं आणि स्मारकं दाखवावीत, तशीच फेसाळलेली नदीसुद्धा दाखवावी. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

मागच्या वर्षी आम्ही नवरा-बायको मुलीकडे सिंगापूरला गेलो होतो. तिला रजा नव्हती, म्हणून तिने आम्हाला एका दिवसाच्या सिटी टूरच्या बसमध्ये बसवून दिलं. बसमध्ये आम्ही तीसेक जण. निम्मे भारतीय, बाकी कुठले कुठले. गाईड म्हणजे साठीच्या घरातल्या एक चिनी वंशाच्या बाई. गळ्यात परवान्याचं ओळखपत्र. तिथे हे ओळखपत्र शोभेचं नसतं. सिंगापूरच्या पर्यटन मंडळाचा परवाना असल्याशिवाय पैसे घेऊन गाईडचं काम करणं हा तिथे गुन्हा आहे. परवान्यासाठी अभ्यासक्रम पूर्ण करून परीक्षा द्यावी लागते, आणि काम करताना तो बिल्ला दिसेल असा लावावा लागतो.

बाईंनी आधी डोकी मोजली. मग पुढचं स्वच्छतागृह कुठे आहे, तिथे किती वेळ थांबणार, उशीर झाला तर काय होईल हे सगळं एका दमात सांगितलं. इंग्रजी त्यांच्याच धाटणीचं, पण सावकाश. माझ्या बायकोचं शिक्षण मराठी माध्यमात झालंय, तिलाही सगळं समजलं. आणि मग बाईंनी शहर सांगायला सुरुवात केली.

मला वाटलं होतं, आता कौतुक सुरू होणार. आमची इमारत एवढी उंच, आमचं विमानतळ एवढं मोठं. थोडं झालंही. पण सेंट अँड्र्यूज कॅथेड्रलपाशी बस आली तेव्हा बाईंनी सांगितलं, हे पांढरंशुभ्र चर्च हिंदुस्थानातून शिक्षा भोगायला आणलेल्या कैद्यांच्या हातांनी बांधलंय. १८२५ पासून पुढची जवळजवळ पन्नास वर्षं इंग्रज आपल्याकडचे कैदी तिकडे पाठवत होते, आणि त्यांच्याकडून रस्ते, पूल, सरकारी इमारती बांधून घेत होते. बसमधले आम्ही सगळे भारतीय एकदम गप्प झालो. कुणीच हे शाळेत शिकलो नव्हतो. पुढे त्यांनी १९४२ ते १९४५ मधल्या जपानी अमलाबद्दल सांगितलं. तेव्हा चिनी पुरुषांना रांगेत उभं करून वेगळं काढलं आणि ठार मारलं. आवाज न चढवता सांगितलं. बसमध्ये काही जपानी पाहुणे होते, त्यांनीही मान खाली घालून ऐकलं. कुणी उठून भांडलं नाही.

मग मर्लायनचा थांबा आला. सिंहाचं तोंड आणि माशाचं धड असलेला, तोंडातून पाणी सोडणारा तो पुतळा. आपल्या प्रत्येक सिंगापूर-रिटर्न माणसाचा तिथे ओंजळीत पाणी झेलतानाचा फोटो असतो. आमचाही आहे. पण फोटो काढून झाल्यावर बाईंनी सगळ्यांना कठड्यापाशी बोलावलं आणि समोरच्या पाण्याकडे बोट दाखवलं. म्हणाल्या, मी लहान असताना या नदीच्या जवळून जाताना आम्ही नाक दाबून धरायचो.

ती गोष्ट मी घरी येऊन नीट वाचून काढली, म्हणून इथे आकड्यांसह देतो. सिंगापूर नदी म्हणजे तिथला शे-दीडशे वर्षांचा व्यापारी बंदरकाठ. माल वाहणाऱ्या शेकडो होड्या, काठावर झोपड्या, फेरीवाले, वरच्या अंगाला डुकरांचे आणि बदकांचे गोठे. या सगळ्याची घाण नदीत. १९७७ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान ली कुआन यू यांनी एका जलाशयाच्या उद्घाटनाच्या कार्यक्रमात जाहीरपणे सांगितलं की दहा वर्षांत सिंगापूर आणि कलांग या नद्यांत मासे पकडता आले पाहिजेत. मुदत दिली, आणि १९८७ ला ते काम पुरं झालं.

कसं झालं ते बघा. सुमारे २६,००० कुटुंबं काठावरून हलवली आणि त्यांना सरकारी इमारतींमध्ये घरं दिली. ६१० वराहपालन केंद्रं आणि ५०० बदकपालन केंद्रं नदीच्या पाणलोटातून काढली. पाचेक हजार फेरीवाल्यांना पाणी आणि गटाराची सोय असलेल्या बाजार-इमारतींमध्ये गाळे दिले. १९८३ मध्ये सगळ्या मालवाहू होड्या पासिर पांजांगला हलवल्या. मग तळातला गाळ उपसला. लोकांना दिलेली भरपाई धरली नाही तरी जवळपास १७ कोटी सिंगापूर डॉलर खर्च झाला. पुढे २००८ मध्ये मुखाशी मरीना बराज बांधून तिथलं पाणी पिण्यासाठी साठवायला सुरुवात केली. ज्या नदीपाशी नाक दाबायचे, ते पाणी शुद्ध होऊन आता नळाला येतं.

बाईंनी पुढे आणखी एक वाक्य सांगितलं, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्यांच्या मामाची होडी होती. होडी गेली, तेव्हा घर मिळालं, पण मामा त्या घरात कधी रमला नाही. म्हणजे नदी साफ झाली हे जितक्या सहजपणे सांगितलं, तितक्याच सहजपणे त्याची किंमत कुणी मोजली तेही सांगितलं. सरकारी परवान्यावरची बाई, पर्यटन मंडळाचा बिल्ला गळ्यात, आणि तरीही.

आता कुणी म्हणेल, ते सिंगापूर आहे, तिथे सरकार म्हणेल तसं बोलावं लागतं, गाईडसुद्धा सरकारची कहाणी सांगतो. असेल. मी भाबडा नाही. तिथल्या वर्तमानपत्रांना किती मोकळीक आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्यासारखा मोर्चा काढायची सोय तिथे नाही. मला त्यांची राजवट नकोय. पण आपल्याला बोलायची एवढी मोकळीक असताना आपल्या शहराची गोष्ट सांगणारा एकही माणूस पगारावर नाही, हे मला खटकतं.

आता आपल्याकडे या.

पीएमपीची पुणे दर्शन बस जुनी आहे. मे २०२३ पासून पीएमपीने शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवशी पर्यटन बसही सुरू केल्या. कल्पना उत्तम होती, आणि सार्वजनिक बस कंपनीने ती केली याचं कौतुक केलंच पाहिजे. मुंबईत 'नीलांबरी' नावाची उघड्या छताची डबलडेकर फिरायची. तीही ऑक्टोबर २०२३ मध्ये जुन्या डबलडेकरचं आयुष्य संपल्यावर बंद झाली. म्हणजे बस ही गोष्ट आपल्याला जमते. पण आपला सगळा जीव अडकतो तो बसमध्येच. बस एसी आहे का, तिकीट किती, लाल आहे का निळी, हिरवा झेंडा कुणी दाखवायचा. बसच्या आत बोलणार कोण, त्याला शिकवलं कुणी, त्याला मानधन किती, हा प्रश्न शेवटी येतो किंवा येतच नाही. मग महाराष्ट्रभर बहुतेक 'दर्शन' सहलींचं जे होतं तेच होतं. गाडी थांबते, ड्रायव्हर म्हणतो 'वीस मिनिटं', आपण दर्शन घेतो, भेळ खातो, सेल्फी काढतो आणि परत गाडीत बसतो. आपण कुठे जाऊन आलो हे फोनमधल्या फोटोवरून कळतं.

इंद्रायणीकाठी सांगण्यासारखं काही नाही असं कुणी म्हणूच नये. एक दिवसाची फेरी मीच आखून दाखवतो.

सकाळी देहूरोडला सुरुवात करा. २५ डिसेंबर १९५४ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथल्या विहारात स्वतःच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षं आधी. आपल्या शहरातल्या किती मुलांना हे माहीत आहे? तिथून देहू. तुकोबांचं गाव, गाथा मंदिर, आणि जिथे वह्या पाण्यात बुडवल्याची कथा सांगतात तो डोह. मग चिखली, तळवडे. इथे गाईडने देवळाचं न बोलता कारखान्यांचं बोलावं. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने, देशाला स्वस्तात पेनिसिलीन मिळावं म्हणून. त्या भोवती ही उद्योगनगरी वाढली. माझ्या पिढीतल्या हजारो जणांचं घर एमआयडीसीच्या पगारावर उभं राहिलं, माझंही. ही गोष्टसुद्धा दर्शनातच मोडते.

दुपारी आळंदी. १२९६ साली माउलींनी इथे समाधी घेतली. तिथून आमची चऱ्होली. नदीच्या अलीकडे चऱ्होली बुद्रुक, पलीकडे खेड तालुक्यात चऱ्होली खुर्द. टेकडीवर वाघेश्वर. वडमुखवाडीला थोरल्या पादुका, जिथे माउलींची पालखी आळंदी सोडल्यावर थांबते. आणि संध्याकाळी तुळापूर. इथे इंद्रायणी भीमेला मिळते. १६८९ च्या मार्चमध्ये छत्रपती संभाजी महाराजांचा जिथे शेवट झाला तो हा परिसर, आणि जवळच वढूला त्यांची समाधी.

एका नदीच्या काठाने एका दिवसात एवढं सगळं. तेरावं शतक, सतरावं शतक, विसाव्या शतकातला धम्म आणि विसाव्या शतकातला कारखाना. युरोपात एखाद्या गावाकडे याच्या निम्मं असतं तरी त्यांनी तीन भाषांत माहिती देणाऱ्या बस सोडल्या असत्या.

पण मी मुद्दाम एक थांबा मागे ठेवलाय. नदीचा.

आळंदीत दर वर्षी वारीच्या तोंडावर इंद्रायणीवर पांढऱ्या फेसाचे थर दिसतात. फोटो छापून येतात, बातम्या होतात, निवेदनं दिली जातात, पाऊस पडला की फेस वाहून जातो आणि विषयही. ती घाण येते कुठून हे काठावरच्या प्रत्येकाला माहीत आहे. गावोगावचं आणि वस्त्यावस्त्यांचं प्रक्रिया न केलेलं सांडपाणी, आणि त्यात कारखान्यांचं रसायन. तेच पाणी आळंदीहून खाली आमच्या चऱ्होलीला येतं आणि पुढे तुळापूरला भीमेत जातं. वारकरी मात्र त्याच पाण्यात स्नान करतो. तो लांबून येतो, त्याला कुणी सांगत नाही. सांगायला कुणी नेमलेलंच नाही.

म्हणून मी म्हणतो, बसने तिथे थांबलं पाहिजे. गाईडने कठड्यापाशी सगळ्यांना बोलवून सांगितलं पाहिजे की ही नदी कुरवंड्याला उगम पावते तेव्हा स्वच्छ असते. ती इथे येईपर्यंत तिच्यात काय काय मिसळतं, कुठल्या नाल्यातून मिसळतं, मैलाशुद्धीकरण केंद्रं कुठे आहेत, कुठे व्हायची आहेत, आणि कोणी कोणती तारीख दिली होती. ही माहिती कागदावर असते. मात्र ती दर रविवारी पस्तीस लोकांसमोर मोठ्याने बोलली जात नाही. ज्या दिवशी एखादी गोष्ट तिकीट काढून आलेल्या पाहुण्यांना दर आठवड्याला सांगितली जाईल, त्या दिवसापासून ती लपवणं अवघड होईल. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण घर आवरतो. नदीला अजून पाहुणेच आलेले नाहीत. आले ते भक्त किंवा सेल्फीवाले. भक्त तक्रार करत नाही आणि सेल्फीवाला खाली बघत नाही.

यात गंमत म्हणून बोलत नाहीये. १५ जून २०२५ चा रविवार आठवा. याच इंद्रायणीवर मावळात कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला. चार जण गेले, पन्नासच्या आसपास जखमी झाले. आपल्या लोकांना नदीकाठी जायचंय, एवढं तरी यातून कळावं. त्यांना घरात बसवून ठेवता येणार नाही. नुसता धोक्याचा फलक लावून गर्दी थांबत नाही. गर्दीला दिशा द्यायला शिकलेली माणसं लागतात. डोकी मोजणारी, वेळ सांगणारी, 'इथे एका वेळी दहाच जण' असं म्हणणारी आणि ज्यांचं ऐकलं जाईल अशी.

आणि सिंगापूरच्या बाईंच्या मामाची होडी मला पुन्हा पुन्हा आठवते ती वेगळ्याच कारणाने. २०२५ च्या फेब्रुवारीत कुदळवाडीत पालिकेने भंगार गोदामं आणि पत्राशेड पाडली. मे महिन्यात चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले पाडले. न्यायालयाचे आदेश होते, बांधकामं पूररेषेत होती, नदीची जागा नदीला मिळालीच पाहिजे, यात वाद नाही. पण त्या बंगल्यांत राहणाऱ्या माणसाने आयुष्याची कमाई घातली होती. त्याला तो प्लॉट विकणारा कोण, तेव्हा डोळे मिटून बसलेला कोण, याचं उत्तर जेसीबी देत नाही. सिंगापूरने २६,००० कुटुंबं हलवली, पण आधी घरं तयार ठेवली आणि मग हलवली. तिथल्या फेरीवाल्याला नवा गाळा दिला. आपण क्रम उलटा ठेवतो. दर्शन बस निघाली तर गाईडला हेही सांगावं लागेल, आणि ते सांगताना त्याला कुणाचा फोन येता कामा नये.

आता जे आक्षेप येणार ते मीच मांडतो.

पहिला आक्षेप. आळंदी-देहू ही तीर्थक्षेत्रं आहेत, पर्यटनस्थळं नाहीत. तिथे माईकवाला गाईड नको. अगदी बरोबर. देवळाच्या दारात गाईडचं काम संपतं. आत तो गप्प राहील, हे परवान्याच्या अटींतच लिहा. त्याने जे बोलायचं ते बसमध्ये आणि घाटावर. आणि बोलून समजावणारा माणूस आपल्याला परका कधी होता? कीर्तनकार दुसरं काय करतो? निरूपण करतो, दाखले देतो, श्रोत्याला हसवतो आणि मधेच कान धरतो. शाहीर गावोगाव फिरून गड-किल्ले डोळ्यापुढे उभे करायचा. सांगण्याची परंपरा आपल्या घरची आहे. तिला आपण नोकरी दिली नाही एवढंच.

दुसरा आक्षेप. कोणता इतिहास सांगणार? आपल्याकडे इतिहास म्हणजे निखारे. हा आक्षेप मी सगळ्यात गंभीरपणे घेतो. वढू-तुळापूरपासून कोरेगाव भीमा काही लांब नाही, आणि १ जानेवारी २०१८ ला काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण म्हणूनच शिकवलेला गाईड हवा. आज तिथे कोण बोलतं? ज्याच्याकडे फोन आहे तो. रील बनवणारा, फॉरवर्ड पाठवणारा. त्याला ना परीक्षा ना परवाना, आणि चुकीचं बोललं तर जबाबदारीही नाही. इतिहासाच्या प्राध्यापकांकडून मजकूर तपासून घ्या. जिथे दोन मतं आहेत तिथे 'दोन मतं आहेत' असं सांगायला गाईडला शिकवा. चूक सांगितली तर परवाना रद्द करता येतो. रीलवाल्याचं काय रद्द करणार?

तिसरा आक्षेप, आपला नेहमीचा. पैसे कुठून आणायचे? हिशोब करू. पस्तीस सीटची बस, तिकीट पाचशे रुपये. बस भरली तर दिवसाचे साडेसतरा हजार. गाईडला दिवसाचे दोन हजार दिले तरी ते तिकिटात माणशी साठ रुपयेसुद्धा होत नाहीत. आळंदीच्या वाटेवर एक चहा-वडापाव घेतला तरी तेवढे होतात. बस निम्मीच भरली तर तोटा होईल, होऊ दे. चौकातल्या कारंज्यावर आणि उड्डाणपुलाखालच्या रंगीत चित्रांवर जेवढा खर्च होतो, त्यातला थोडा या तोट्याला दिला तर शहर बुडणार नाही.

चौथा. लोक येणार नाहीत. हे मला पटत नाही, आणि का ते सांगतो.

१९९७ ला आमची चऱ्होली पालिकेत गेली. तेव्हा इथे ज्वारी, भाजीपाला आणि वीटभट्ट्या होत्या. आज वीस-बावीस मजल्यांच्या इमारती आहेत, पंतप्रधान आवासची १,४४२ घरं आहेत, कॉलेजं आहेत, आणि नाशिकपासून गोरखपूरपर्यंतची माणसं आहेत. त्यांच्या बाल्कनीतून इंद्रायणी दिसते. जाहिरातीत 'रिव्हर व्ह्यू' लिहून त्यांनी तिचे पैसे मोजलेत. पण ती कुठून आली, कुठे जाते, तिच्यासाठी लोक पायी का येतात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. दुसऱ्या बाजूला गावठाणातली आमची माणसं. त्यांना सगळं माहीत आहे, पण ऐकायला कुणी नाही. गेटच्या आतले आणि गेटच्या बाहेरचे एकमेकांशी बोलतात ते फक्त टँकर, भाजी आणि पार्किंगवरून. हे दोघं एकाच बसमध्ये बसले, एकाने सांगितलं आणि दुसऱ्याने ऐकलं, तर नदीला दोन्हीकडून माणसं मिळतील. आज ती गाववाल्यांच्या आठवणीत आहे आणि सोसायटीवाल्यांच्या ब्रोशरमध्ये. तिच्यासाठी पालिकेच्या दारात एकत्र उभं राहणारं कुणी नाही.

शाळांचंही तेच. सहल म्हटलं की वॉटर पार्क ठरलेला. मुलांनी पाण्यात खेळावं, माझी हरकत नाही. पण वर्षातली एक सहल स्वतःच्या नदीची असली तर बिघडलं कुठे? सातवीतल्या मुलाने घाटावर उभं राहून 'हा फेस कशाचा?' असं विचारलं की बरोबरच्या शिक्षकांना उत्तर शोधावं लागेल, आणि संध्याकाळी घरी कारखान्यातून आलेल्या बापालाही.

तेव्हा मागणी साधी आहे. चऱ्होली, आळंदी, देहू, मोशी, चिखली या गावांतून वीस तरुण-तरुणी निवडा. बी.ए. इतिहास करून कुरिअर वाटणारी मुलं आमच्याकडे आहेत, कीर्तनाला साथ करणारी आहेत, एमआयडीसीतून कमी झालेली आहेत. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाचा ऑनलाइन प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम आहेच, त्याला स्थानिक भर घाला. तीन महिने शिकवा, परीक्षा घ्या, बिल्ला द्या, दिवसाचं मानधन ठरवून द्या. प्रत्येक थांब्यावर बायकांना जाता येईल असं स्वच्छतागृह आधी बांधा, कमान नंतर. नदीच्या थांब्यावर त्या महिन्याच्या पाणी-तपासणीचा निकाल मराठीत, मोठ्या अक्षरात लावा. आणि पहिल्या बसमध्ये आयुक्त, आमदार आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी यांना तिकीट काढून बसवा. झेंडा दाखवून खाली उभं राहू देऊ नका.

सिंगापूरला मुदत द्यायला पंतप्रधान होते. आपल्याकडे मुदत द्यायला आपणच आहोत. पालिकेच्या निवडणुकीत पाच वर्षांनी मत मागायला येणाऱ्याला रस्ता आणि पाण्याबरोबर हेही विचारा: इंद्रायणीत मासे कधी दिसणार? वर्ष सांगा. उत्तर आलं की ते लिहून ठेवा आणि गाईडला पाठवा. तो दर रविवारी माईकवरून वाचून दाखवील.

ज्यांना पटलं त्यांनी आपापल्या सोसायटीच्या आणि गावाच्या ग्रुपवर टाका. ज्यांना नाही पटलं त्यांनी खाली लिहा, मी उत्तर देईन. आणि यंदा जे परदेशात जाणार आहेत त्यांना एकच विनंती. बसमध्ये खिडकीची सीट मिळाली नाही तरी चालेल, गाईडच्या जवळची घ्या. परत आलात की रस्त्यांचे फोटो नका टाकू. तो काय म्हणाला ते लिहा.